कोंबड्या आणि अंगणातले गवत

कोंबड्या पाळणाऱ्या घराचे अंगण लांबूनही ओळखू येते. पावसाळ्यात शेजारच्या अंगणात हिरवळ दाटलेली असते आणि या अंगणात मात्र तांबडी, उघडी माती दिसते. कुंपणाच्या कडेला, जेथे कोंबडीची चोच पोहोचत नाही, तेथे तेवढी गवताची एक हिरवी रेघ उरलेली असते. कोकणातल्या गावांत हे दृश्य इतके नेहमीचे आहे की, कोंबड्या आणि गवत ही दोन्ही एका अंगणात नांदू शकत नाहीत, असेच पुष्कळ जण धरून चालतात. ही समजूत पूर्णपणे खरी नाही. कोंबडी गवताचे नेमके काय करते आणि गवत कसे वाढते, या दोन गोष्टी समजल्या म्हणजे दोघांनाही जागा करून देता येते.

मुलांनो, पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाकडे लक्ष द्या. उर्दूत आपण ज्याला घास म्हणतो त्याला मराठीत गवत म्हणतात. मराठीत घास म्हणजे लुकमा. ‘त्याने घास खाल्ला’ असे कोणी म्हटले तर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भाताचा घास येतो. लसूणघास या चाऱ्याच्या नावात मात्र घास हा शब्द आपल्या ओळखीच्या अर्थाने राहिला आहे. तसेच, उर्दूत जिला दूब म्हणतात तिला मराठीत दूर्वा किंवा हरळी म्हणतात. या पाठात हरळीचे नाव पुन्हा पुन्हा येणार आहे.

कोंबडी ही मुळात रानातली पक्षीण. आपल्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलात आढळणारा राखी रानकोंबडा हा त्याचा भाऊबंद. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. रानात झाडाखाली पाचोळ्याचा थर असतो आणि त्याच्या खाली किडे, वाळवी, बिया, गांडुळे असतात. पाचोळा उकरला तरच पोट भरते. म्हणून उकरणे ही कोंबडीची जन्मजात सवय झाली. तिला भांडे भरून दाणे घातले तरी ती उकरायची थांबत नाही. तिच्याकडे नीट पाहा. एका पायाने दोन-तीन वेळा माती मागे ओढते, मग दुसऱ्या पायाने तसेच करते, एक पाऊल मागे सरकते आणि मान वाकवून उकरलेल्या जागेत काय निघाले ते पाहते. पायाची पुढची तीन बोटे आणि त्यांवरची नखे हा तिचा दाताळाच आहे.

रानकोंबड्यांनी रान उजाड केले असे कधी होत नाही, कारण त्यांची संख्या थोडी असते, त्या आज येथे तर उद्या तेथे असतात आणि झाडे रोज नवा पाचोळा टाकीत असतात. अंगणात यांपैकी एकही गोष्ट नसते. त्याच दहा-बारा कोंबड्या, तीच जागा आणि तेच उकरणे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आता गवताकडे वळू. झाडाची फांदी टोकाकडून वाढते, गवताचे पाते मात्र बुडाकडून वाढते. आपले नख जसे मुळाशी वाढून पुढे सरकते, तसेच हे आहे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीला लागून असतो. त्यामुळे गाय-बकरी वरवर चरून गेली तरी गवत पुन्हा फुटते. कोंबडीला दात नसतात. ती पाते कापीत नाही, चोचीत धरून हिसका देते. जुन्या, घट्ट मुळांच्या गवताचे नुसते टोक तुटते. परंतु नुकतेच उगवलेले कोवळे रोप असेल तर ते मुळासकट हातात, म्हणजे चोचीत, येते. चोचीपेक्षाही खरे नुकसान पाय करतात. उकरताना जमिनीलगतचा कोंब उपटला जातो आणि मुळे उघडी पडून वाळतात. कोंब गेला की गवत संपले. थोडक्यात, कोंबडीने गवत खाल्ल्यामुळे अंगण उजाड होत नाही, उकरल्यामुळे होते. पुढचे सारे उपाय या एका वाक्यावर उभे आहेत.

अंगणात गवत नसले तर बिघडते काय, असे कोणी विचारील. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उघड्या मातीवर पावसाचा टपोरा थेंब आपटला की मातीचे कण उडतात. बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसून ती बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वाहू लागते आणि जाताना माती घेऊन जाते. जांभ्या दगडावर आपल्याकडे मातीचा थर मुळातच पातळ. तुम्ही पावसाळ्यात घराचे जोते पाहा. जेथे अंगण उघडे असेल तेथे भिंतीवर तांबडे शिंतोडे गुडघ्यापर्यंत चढलेले दिसतील. जेथे गवत असेल तेथे भिंत बरीच स्वच्छ असेल, कारण थेंबाचा मार गवताची पाती आपल्या अंगावर घेतात आणि मुळे माती धरून ठेवतात. कोंबड्यांच्या अंगणात चार-पाच पावसाळ्यांनंतर जोत्याचे खालचे चिरे उघडे पडलेले मी पाहिले आहेत.

आमच्या गावातल्या एका घरात यावरूनच वाद झाला होता. घरातली खाला चौदा गावठी कोंबड्या पाळीत असे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण गावठी अंड्याला आणि कोंबडीला भाव चांगला मिळतो. हा पैसा खालांच्या हाती असे. त्यातून नातवंडांच्या वह्या, औषधे, कधी ईदच्या बांगड्या निघत. पावसात सारे अंगण चिखलाने भरे, तो चिखल पायांनी ओटीवर येई आणि एकदा धाकटा नातू घसरून पडला. सुनेने सांगितले, “खाला, या कोंबड्या आता विकून टाका.” खाला म्हणाल्या, “मुलगा आखातात आहे, पैसे पाठवतो, ते घराचे. कोंबड्या गेल्या तर माझ्या मुठीत काय राहील?” दोघींचेही म्हणणे बरोबर होते. कोंबड्या ठेवायच्या आणि चिखलही नको, अशी वाट काढणे भाग होते. ती त्यांनी कशी काढली हे पुढे येईलच.

पहिला प्रश्न संख्येचा. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे ‘मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचे अंडे’ म्हणून अंडे विकायचे असेल तर दर कोंबडीमागे बाहेर निदान ४ चौरस मीटर जागा असावी लागते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. या हिशेबाने एका गुंठ्यात पंचवीस कोंबड्या बसतात. पण हा हिशेब कमीत कमी जागेचा आहे, त्यातून गवत टिकेल असे समजू नये. माझ्या मते, हिरवळ राखायची असेल तर गुंठ्याला दहा-बारा कोंबड्या पुष्कळ झाल्या. खालांच्या अंगणात घर, विहीर आणि झाडे वगळता गुंठाभर मोकळी जागा होती, म्हणजे चौदा कोंबड्या थोड्या जास्तच होत्या. त्यांनी तीन कोंबडे विकले. एवढ्या कोंबड्यांत चार कोंबड्यांची गरजही नव्हती, ते आपापसांत भांडत तेवढे.

दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कोंबड्या सारे अंगण सारखे वापरीत नाहीत. त्या रानातल्या असल्यामुळे उघड्यावर जायला भितात. वर घार फिरत असते, हे पिल्लांच्या आईला चांगले ठाऊक असते. म्हणून त्या खुराड्याजवळ, पडवीखाली, आंब्याच्या सावलीत घुटमळतात. खुराड्याभोवतीची जमीन तळहातासारखी साफ होते आणि दूरच्या टोकाला गवत कमरेएवढे वाढते. दूरच्या बाजूला चार खुंट रोवून त्यांवर नारळाच्या झावळ्यांचा एखादा झाप टाकला, पाण्याचे भांडे तेथे नेले आणि दाणेही तेथेच टाकले, तर कोंबड्या तिकडे जाऊ लागतात. आठवड्याने झापाची जागा बदलावी. खर्च काहीच नाही.

खुराड्याच्या तोंडाशी गवत लावण्याचा हट्ट मात्र सोडून द्यावा. तेथे दिवसातून शंभर वेळा पाय पडणार, गवत टिकणारच नाही. त्याऐवजी तो भाग दगडांची कड घालून वेगळा करावा आणि त्यात वीतभर उंच पाचोळा, भाताचे तूस, लाकडाचा भुसा टाकावा. कोंबड्यांना हवे असते तेच त्यांना मिळते. त्या दिवसभर पाचोळा उकरतात, त्यात विष्ठा मिसळते आणि सहा-आठ महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत खत होते. पाचोळा खाली बसला की वर नवा टाकावा. या जागेत चिखल होत नाही, हा पावसाळ्यातला मोठा फायदा. फक्त पाचोळा ओला होऊन कुजका वास येऊ लागला तर तो पसरून वाळवला पाहिजे, कारण दमट जागेत पिल्लांना रक्ती हगवण लागते.

उरलेल्या अंगणाचे दोन-तीन तुकडे करावेत. खालांच्या सुनेने तीन केले. कोंबड्या एका वेळी एकाच तुकड्यात सोडायच्या आणि बाकीच्या दोन तुकड्यांना विश्रांती द्यायची. गवताला ही विश्रांती का हवी? पाती तुटली की गवत मुळांत आणि खोडांत साठवलेल्या अन्नावर नवी पाती फोडते. ती पाती मोठी होऊन उन्हात अन्न तयार करू लागली म्हणजे साठा पुन्हा भरतो. साठा भरण्यापूर्वीच पाती पुन्हा तोडली, असे दोन-चार वेळा झाले, तर मुळे उपाशी मरतात. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत गवत सावरते, थंडीत जास्त दिवस लागतात. परंतु दिवस मोजण्यापेक्षा गवताची उंची मोजणे बरे. पाती पाच-सहा इंच झाली की कोंबड्या सोडाव्यात आणि तीन इंच उरली की बाहेर काढाव्यात. पट्टी घेऊन हे काम शाळेतले मूलही करू शकते. गवत फार उंचही वाढू देऊ नये. जून झालेली लांब, चिवट पाती कोंबडीच्या गळ्याजवळच्या अन्नपिशवीत गोळा होऊन अडकू शकतात.

वेळेचाही उपयोग होतो. सकाळपासून सोडलेल्या कोंबड्या कंटाळल्या की उकरत बसतात. मगरिबच्या अजानपूर्वी दोन तास सोडल्या तर त्या आधी भुकेने कोवळी पाती टिपतात, किडे शोधतात आणि खोल खड्डे पाडण्याइतका वेळ उरत नाही. अंधार पडू लागला की कोंबडीला दिसेनासे होते, त्यामुळे त्या आपण होऊन खुराड्याकडे वळतात. त्यांच्यामागे धावावे लागत नाही. उरलेला दिवस त्यांनी पाचोळ्याच्या भागात काढावा.

तुकडे करण्यासाठी तारेची जाळीच हवी असे नाही. किनाऱ्यावरच्या गावांत मासेमारीची जुनी जाळी स्वस्तात किंवा फुकट मिळतात. बांबूचे खुंट रोवून जाळे ताणून बांधावे आणि खालची कड कामटीने जमिनीशी दाबून टाकावी. जाळे सैल राहिले तर कोंबडीचा पाय अडकतो आणि सापही गुरफटतो. गावठी कोंबडी चांगली उडते, म्हणून जाळे पाच फूट तरी उंच असावे. तरीही उडणारी एखादी असतेच. तिच्या एकाच पंखाची लांब पिसे टोकाकडून कात्रीने कापावीत. दोन्ही बाजूंचा तोल गेला की ती उडत नाही. पूर्ण वाढलेले पीस कापताना नखासारखेच दुखत नाही, पण नवीन फुटणाऱ्या, बुडाशी निळसर दिसणाऱ्या पिसाला कात्री लावू नये, त्यात रक्त असते. या जाळ्याचा आणखी एक फायदा असा की, कोंबड्या शेजाऱ्याच्या मिरचीच्या वाफ्यात जात नाहीत. गावातली निम्मी भांडणे तेथेच सुरू होतात.

आता गवत कोणते लावावे? हरळी. शेतकरी हरळीला शिव्या देतो, कारण ती शेतातून जाता जात नाही. नेमका हाच गुण अंगणात कामाचा आहे. हरळीची काही खोडे जमिनीवरून धावतात, काही जमिनीखालून. प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटते. कोंबडीने वरचे उकरले तरी खालचे उरते. दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करून पहिला पाऊस झाल्यावर वीत-वीत अंतरावर लावावेत, पेरे मातीत आणि टोक वर ठेवून पायाने दाबावे. पुढचे सहा आठवडे त्या तुकड्यात एकही कोंबडी जाता कामा नये. हरळीला ऊन लागते. दाट सावलीत ती धरत नाही, म्हणून आंब्याखाली तिच्यासाठी खटपट न करता तेथे पाचोळाच राहू द्यावा. झाडांच्या बुंध्याशी मात्र चार-पाच चिऱ्यांचे तुकडे मांडावेत, नाहीतर कोंबड्या लहान मुळे उघडी पाडतात.

जागा अगदीच थोडी असेल आणि तुकडे करणे शक्य नसेल तर एक चौकट करावी. जुन्या फळ्या उभ्या लावून चार इंच उंचीची चौकट बांधायची आणि तिच्यावर तारेची जाळी घट्ट ठोकायची. आत गहू, बाजरी किंवा हरळी लावायची. पाती जाळीतून वर आली की कोंबड्या जाळीवर उभ्या राहून टोके खातात. पाय जाळीच्या खाली जात नाहीत, म्हणून मुळे सुरक्षित राहतात आणि पाती पुन्हा वर येतात. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा दोन चौकटी असल्या तर आठ-दहा कोंबड्यांना रोज थोडा हिरवा पाला मिळतो. आमच्या शाळेच्या आवारात सातवीच्या मुलांनी अशी चौकट केली आहे. तिच्याखालचा गहू दिसायला काही सुंदर नसतो, पण तो मरत नाही.

कोंबड्यांना धुळीत लोळण्याचीही गरज असते. धूळ पिसांत शिरली म्हणजे जादा तेल निघते आणि उवा-पिसवा कमी होतात. ती सोय आपण केली नाही तर त्या हिरवळीच्या मध्यभागी खळगा करून घेतात. पडवीच्या कोपऱ्यात, जेथे पाऊस पोहोचत नाही, तेथे कोरडी माती, वाळू आणि चुलीची चाळलेली राख यांचा ढीग करून द्यावा. एकदा जागा आवडली की त्या दुसरीकडे खड्डे करीत नाहीत.

विष्ठेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मोठ्या जातीची अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास ओली विष्ठा टाकते, गावठी लहान असल्यामुळे कमी. गाईच्या शेणापेक्षा तिच्यात नत्र जास्त असते. गवताला नत्र हवे असते, पण ताज्या विष्ठेचा थर साचला तर गवत जळते. रात्रीची विष्ठा खुराड्यातून रोज काढून पाचोळ्याबरोबर कुजवावी आणि काही महिन्यांनी विश्रांतीच्या तुकड्यात पातळ पसरावी. विष्ठेतून जंतांची अंडीही जमिनीत जातात आणि ओल्या, सावलीच्या मातीत ती कित्येक महिने जिवंत राहतात. तुकडे बदलण्याने कोंबड्यांनाही या जंतांचा त्रास काही अंशी कमी होतो.

नुसत्या गवतावर कोंबडी जगत नाही, कारण गवतातले चिवट तंतू तिला नीट पचत नाहीत. दाणे, भाताची कणी, किडे हवेतच. तरी हिरव्या पाल्यामुळे अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. पानांतला पिवळा रंग बलकात उतरतो. ज्या तुकड्यात गवत कमी आहे त्या दिवसांत मुळ्याचा पाला किंवा लसूणघास यांची जुडी दोरीने चोचीच्या उंचीवर टांगावी. टांगलेला पाला खाताना उकरता येत नाही.

खालांच्या अंगणात दुसऱ्या पावसाळ्यात तीनपैकी दोन तुकड्यांत हिरवळ धरली. तिसरा तुकडा आंब्याच्या सावलीत होता, तो पाचोळ्याखाली गेला. चिखल ओटीवर येणे बंद झाले. अकरा कोंबड्या अजून आहेत आणि अंड्यांचे पैसे अजून खालांच्याच मुठीत आहेत.

उन्हाळ्यात मात्र गवताशी झुंज घेऊ नये. मार्चपासून कोकणातले बहुतेक गवत वाळते, अशा वेळी विश्रांती दिली तरी ते वाढत नाही. एखादा लहान तुकडा हिरवा ठेवायचा असेल तर घरातले वजूचे पाणी तिकडे वळवावे. त्यात साबण नसतो, आणि पाच वेळचे मिळून ते बरेच होते. बाकीचे तुकडे बंद करून कोंबड्यांना पाचोळ्याच्या भागात ठेवावे. वाळलेली हरळी मेलेली दिसते, पण तिची खोडे जमिनीखाली जिवंत असतात. फक्त त्या काळात तिला कोणी उकरता कामा नये. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आठ-दहा दिवसांत पेऱ्यापेऱ्यातून हिरवी टोके वर येतात. ती पाच इंच होईपर्यंत जाळ्याचे दार उघडू नये, कोंबड्यांनी कितीही ओरडा केला तरी.